गावच्या कार्यक्रमाचे थेट प्रक्षेपण : जुन्या फोनपासून मोठ्या टीव्हीपर्यंत प्रत्येक पडद्यासाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागात हरिनाम सप्ताह, कुस्तीचे मैदान, शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक किंवा कडोली, उचगाव, येळ्ळूरसारख्या गावांत भरणारी मराठी साहित्य संमेलने यांचे थेट प्रक्षेपण करण्याची पद्धत आता रुळली आहे. हे प्रक्षेपण पाहणारा प्रेक्षक मात्र एकसारखा नसतो. गोव्यात कामाला असलेला तरुण ते मोबाईलवर पाहतो, पुण्यातील कुटुंब दिवाणखान्यातील स्मार्ट टीव्हीवर लावते, सैन्यात दूरच्या चौकीवर असलेला जवान तुटक नेटवर्कवर जेवढे दिसेल तेवढे पाहतो आणि गावातच अंथरुणाला खिळलेल्या आजी नातवाच्या जुन्या फोनला कान लावून बसतात. कमिटीचे बहुतेक पैसे कॅमेऱ्यावर आणि एलईडी पडद्यावर खर्च होतात, आणि या प्रेक्षकांपैकी निम्म्यांना गोल फिरणारे चक्र तेवढे दिसते. म्हणून माझा आग्रह असा आहे की प्रक्षेपणाची आखणी कॅमेऱ्यापासून सुरू न करता सर्वांत कमजोर फोन आणि सर्वांत कमजोर नेटवर्क असलेल्या प्रेक्षकापासून सुरू करावी. पुढील सर्व सूचना त्याच क्रमाने ठरलेल्या आहेत.

चित्र लहान कसे होते

१९२० बाय १०८० बिंदूंचे, सेकंदाला २५ फ्रेमचे चित्र जसेच्या तसे पाठवायचे ठरवले, तर रंगांची माहिती नेहमीप्रमाणे कमी करून घेतल्यावरही सेकंदाला सुमारे ६२० मेगाबिट लागतात. आपण प्रत्यक्षात ३ ते ४ मेगाबिट पाठवतो, म्हणजे मूळ चित्राचा सुमारे दीडशेवा ते दोनशेवा भाग. ही किमया एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून लहान करणारी चिप किंवा सॉफ्टवेअर, करतो. तो ठरावीक अंतराने एक संपूर्ण फ्रेम पाठवतो, जिला किफ्रेम म्हणतात, आणि मधल्या फ्रेममध्ये आधीच्या चित्रापेक्षा जे बदलले असेल तेवढेच नोंदवतो. एखादा भाग नुसता सरकला असेल तर तो पुन्हा न पाठवता कोणत्या दिशेला किती सरकला हे सांगतो.

हे समजले की कोणत्या कार्यक्रमाला किती बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती बिट, लागेल याचा अंदाज आपोआप येतो. कीर्तनात बुवा एका जागी उभे असतात, मागे टाळकरी थोडे हलतात आणि मंडपाचे कापड स्थिर असते, त्यामुळे १.५ ते २ मेगाबिटमध्येही ७२० ओळींचे, म्हणजे ७२० बिंदू उंचीचे, चित्र स्वच्छ दिसते. कुस्तीत दोन पैलवान आणि त्यांच्याभोवतीचा प्रेक्षक हे सगळेच हलत असते, म्हणून तेथे तेवढ्याच बिटरेटवर ऐन डावाच्या क्षणी चित्राचे चौकोनी तुकडे पडतात. मिरवणुकीतील उधळलेला गुलाल, पाऊस आणि कागदी फुलांचा वर्षाव हे एन्कोडरला सर्वांत अवघड जाते, कारण प्रत्येक कण स्वतंत्र दिशेने जातो आणि आधीच्या फ्रेममधून उचलण्याजोगे काहीच उरत नाही. अंधारात कॅमेरा संवेदनशीलता वाढवतो तेव्हा चित्रात जी कणकण दिसते तिचेही तसेच आहे. एन्कोडर ती खरी हालचाल समजून तिच्यावर बिट उधळतो आणि वक्त्याच्या चेहऱ्यासाठी काही राखत नाही. वक्त्यावर एक चांगला दिवा टाकणे हा बिटरेट न वाढवता चित्र सुधारण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे कॅमेऱ्याचा शटर १/५० किंवा १/१०० वर ठेवावा आणि फ्रेमदर २५ किंवा ५० निवडावा, नाहीतर ट्यूबलाईट आणि साध्या एलईडी दिव्यांखाली चित्र लुकलुकते.

कोणता कोडेक निवडावा

कोडेक म्हणजे चित्र किंवा आवाज दाबण्याची आणि पुन्हा उलगडण्याची पद्धत. एच.२६४ हा कोडेक २००३ मध्ये प्रमाणित झाला आणि आज वापरात असलेल्या जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये, टीव्हीत आणि संगणकात तो उलगडणारी चिप असते. २०१३ मध्ये आलेला एच.२६५ साधारण निम्म्या बिटरेटमध्ये तोच दर्जा देऊ शकतो आणि २०१८ मधील एव्ही१ त्याही पुढे जातो. तरीही गावच्या प्रक्षेपणासाठी एच.२६४ च निवडावा. जुन्या फोनमध्ये नव्या कोडेकची चिप नसली तर ते काम मुख्य प्रोसेसरवर पडते, फोन तापतो, बॅटरी झपाट्याने उतरते आणि चित्र अडखळते. यूट्यूब किंवा फेसबुक आपल्याकडून आलेले चित्र पुन्हा एन्कोड करून प्रेक्षकाला वेगवेगळ्या आकारांत देते, त्यामुळे नवा कोडेक वापरण्याचा फायदा फक्त आपल्या अपलोडपुरता राहतो.

हे वेगवेगळे आकार प्रेक्षकापर्यंत कसे पोहोचतात हेही जाणून घ्यावे. सर्व्हर एकाच कार्यक्रमाच्या १४४ ओळींपासून आपण पाठवलेल्या आकारापर्यंत अनेक आवृत्त्या करतो आणि प्रत्येकीचे काही सेकंदांचे तुकडे पाडतो. प्रेक्षकाचा प्लेअर एक तुकडा किती वेळात उतरला हे मोजतो आणि पुढचा तुकडा कोणत्या आवृत्तीतून घ्यायचा ते ठरवतो. ॲपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस आणि २०१२ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झालेली डॅश या दोन पद्धती याच तत्त्वावर चालतात. तुकडा नेहमी किफ्रेमपासून सुरू व्हावा लागतो, म्हणून आपल्या एन्कोडरमध्ये किफ्रेमचे अंतर २ सेकंद असे निश्चित लिहावे. ते आपोआप ठरण्यासाठी सोडले तर काही वेळा अंतर वाढते आणि सर्व्हरला तुकडे नीट पाडता येत नाहीत.

ओबीएसमधील मांडणी

कॅमेऱ्याचे चित्र आणि आवाज एन्कोड करून यूट्यूबसारख्या ठिकाणी पाठवणारे ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालते. व्हिडिओ विभागात मूळ आकार १९२० बाय १०८० ठेवावा, बाहेर जाणारा आकार १२८० बाय ७२० करावा आणि फ्रेमदर २५ लिहावा. आउटपुट विभागात बिटरेटचा प्रकार सीबीआर, म्हणजे स्थिर, ठेवून आकडा २५०० किलोबिट द्यावा. प्रोफाईल हाय किंवा मेन चालते. लॅपटॉपमध्ये इंटेलचा क्विकसिंक किंवा एनव्हिडियाचा एनव्हेन्क हा चिपमधलाच एन्कोडर असेल तर तोच वापरावा, म्हणजे प्रोसेसर मोकळा राहतो. तो नसेल तर प्रोसेसरवर चालणारा एक्स२६४ हा पर्याय व्हेरीफास्ट प्रीसेटवर ठेवावा.

कुस्तीसाठी यात बदल करावा लागतो. ओळी ७२० च ठेवून फ्रेम २५ ऐवजी ५० निवडाव्यात आणि बिटरेट ४००० किलोबिट द्यावा. डाव टाकतानाची हालचाल ओळींच्या संख्येपेक्षा फ्रेमच्या संख्येमुळे अधिक स्पष्ट दिसते, आणि हे सहा इंची फोनवर जितके खरे आहे तितकेच टीव्हीवरही.

प्रक्षेपणाबरोबरच लॅपटॉपवर स्वतंत्र रेकॉर्डिंग चालू ठेवावे आणि ते एमकेव्ही स्वरूपात घ्यावे. साधी एमपी४ फाईल लिहिताना मध्येच लॅपटॉप बंद पडला तर संपूर्ण फाईल उघडत नाही. एमकेव्हीमध्ये तोपर्यंतचा भाग सुरक्षित राहतो. कार्यक्रम संपल्यावर ओबीएसमधील रिमक्स या सोयीने तिची एमपी४ फाईल काही मिनिटांत होते आणि दर्जा जराही घटत नाही.

आवाज

चित्र अडखळले तरी प्रेक्षक थांबतो, परंतु आवाज तुटला की तो उठून जातो, विशेषतः कीर्तनात आणि व्याख्यानात. कॅमेऱ्याच्या माईकवर कधीही विसंबू नये. तो मंडपाच्या मागे असतो, त्यामुळे त्यात कर्ण्यांचा प्रतिध्वनी, मुलांची गडबड आणि जनरेटरचा आवाज वक्त्याच्या शब्दांपेक्षा मोठा येतो. साऊंडवाल्यांना आदल्या दिवशीच भेटून मिक्सरचे स्वतंत्र ऑक्स आउटपुट, म्हणजे वेगळ्या पातळीने आवाज बाहेर देणारी जोडणी, मागावे, म्हणजे मंडपातील आवाज कमीजास्त केला तरी प्रक्षेपणावर परिणाम होत नाही. पखवाज आणि टाळ मंडपात थेट ऐकू येतात म्हणून साऊंडवाले मिक्सरवर त्यांचे माईक कमी ठेवतात, पण घरी बसलेल्या श्रोत्यापर्यंत ते पोहोचत नाहीत. ऑक्सवर त्यांची पातळी वेगळी वाढवावी लागते.

जोडणीत एक दोष असा राहू शकतो की लॅपटॉपवर सर्व ठीक ऐकू येते आणि जुन्या फोनवर आवाज जवळजवळ नाहीसा होतो. मिक्सरचे बॅलन्स्ड आउटपुट दोन तारांवर एकच आवाज परस्परविरुद्ध दिशेने पाठवते. ते सरळ लॅपटॉपच्या किंवा कॅप्चर कार्डच्या (कॅमेऱ्याचे चित्र लॅपटॉपमध्ये घेणाऱ्या उपकरणाच्या) स्टीरिओ इनपुटला जोडले की एक तार डावा आवाज होते आणि दुसरी उजवा. हेडफोनवर हा आवाज थोडा पोकळ वाटतो, पण ऐकू येतो. एकच स्पीकर असलेल्या फोनमध्ये मात्र डावा आणि उजवा आवाज एकत्र मिळतात आणि एकमेकांना खोडून टाकतात. ज्या आजींसाठी हा सारा खटाटोप केला, त्यांनाच वक्त्याचा शब्द ऐकू येत नाही. उपाय असा की मध्ये बॅलन्स्ड आवाजाचे साधे रूप करणारा योग्य रूपांतरक घालावा, अथवा दोनपैकी एकच बाजू उचलणारी तार तयार करून घ्यावी आणि ओबीएसच्या ॲडव्हान्स्ड ऑडिओ विभागात त्या स्रोतासमोर मोनो, म्हणजे दोन्ही बाजूंना एकच आवाज, ही खूण करावी. मोनो केल्यामुळे आवाज हेडफोनच्या एकाच कानात येण्याची तक्रारही मिटते.

पातळी पाहताना बोलण्याचा आवाज ओबीएसच्या मीटरवर पिवळ्या पट्ट्यात राहावा आणि टाळ्यांच्या वेळीही लाल पट्ट्याच्या टोकाला लागू नये. आवाजासाठी एएसी कोडेक, ४८ किलोहर्ट्झ आणि १२८ किलोबिट पुरेसे आहेत. टाळ्यांचा आवाज आणि हात जुळत नसतील तर आवाजाला काही मिलिसेकंदांचा विलंब द्यावा. कॅप्चर कार्डमुळे चित्र उशिरा येते, त्यामुळे बहुधा आवाजच मागे ढकलावा लागतो.

नेटवर्क आणि वीज

अपलोडचा वेग कार्यक्रमाच्या जागी, कार्यक्रमाच्याच वेळी आणि शक्यतो गर्दीच्या दिवशी तपासावा. सकाळी रिकाम्या पटांगणात मिळालेला वेग संध्याकाळी हजार फोन एकाच टॉवरवर आल्यावर टिकत नाही. तपासणीत मिळालेल्या वेगाच्या निम्म्यापेक्षा जास्त बिटरेट लावू नये. ५ मेगाबिट मिळाले तर २५०० किलोबिट, २ मेगाबिट मिळाले तर ९०० ते १००० किलोबिट आणि ४८० ओळी. ४८० ओळींचे न थांबणारे प्रक्षेपण हे दर दोन मिनिटांनी गोठणाऱ्या १०८० ओळींपेक्षा कितीतरी चांगले, याबाबत माझ्या मनात शंका नाही.

जांबोटी, कणकुंबीकडील जंगलपट्ट्यात मोबाईलचे नेटवर्क मुळातच तुरळक आहे. सीमेलगतच्या गावांत तर फोन कधी कर्नाटकातील टॉवर धरतो आणि कधी महाराष्ट्रातील, आणि ही अदलाबदल होताना प्रक्षेपण काही सेकंद तुटते. फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्कची निवड स्वतः करून ती कायम ठेवावी आणि फोन उंच, मोकळ्या जागी एकाच ठिकाणी ठेवावा. शक्य असेल तेथे मंडपाशेजारच्या ज्या घरात फायबर जोडणी आहे त्या घरमालकांना विनंती करून तेथून लॅनची तार ओढावी. अशी तार १०० मीटरपर्यंत व्यवस्थित चालते आणि कोणत्याही सिमकार्डापेक्षा भरवशाची असते.

सिमकार्डावरच विसंबायचे असेल तर डेटाचा हिशेब आधी करावा. चित्राचे २५०० आणि आवाजाचे १२८ किलोबिट धरले तर तीन तासांत सुमारे ३.५ जीबी डेटा जातो. दिवसाला २ जीबीचे रिचार्ज असलेले सिम पावणेदोन तासांच्या आत संपते आणि त्यानंतर वेग इतका उतरतो की नुसता आवाजही जात नाही. वेगळ्या कंपनीचे दुसरे सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून तयार ठेवावे.

वीज जाणे गृहीत धरूनच चालावे. जनरेटर सुरू होईपर्यंतच्या काही सेकंदांत लॅपटॉप बॅटरीवर तग धरतो, पण राऊटर बंद पडतो आणि पुन्हा जोडणी घ्यायला मिनिट दोन मिनिटे लावतो. म्हणून राऊटर, कॅप्चर कार्ड आणि कॅमेरा यूपीएसवर असावेत. यूट्यूबवर ऑटो-स्टॉप, म्हणजे प्रवाह थांबताच कार्यक्रम आपोआप संपवण्याची सोय, बंद ठेवावी, म्हणजे प्रवाह तुटून पुन्हा आला तरी कार्यक्रम त्याच लिंकवर पुढे चालू राहतो आणि लोकांना नवी लिंक पाठवावी लागत नाही. लेटन्सी, म्हणजे प्रेक्षकापर्यंत पोहोचण्याचा उशीर, नॉर्मल ठेवावी. प्रेक्षकाला कार्यक्रम काही सेकंद उशिरा दिसला तरी बिघडत नाही, उलट प्लेअरला साठा करायला वेळ मिळतो आणि अडखळणे कमी होते. नव्या चॅनलवर थेट प्रक्षेपणाची परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत वेळ लागू शकतो, त्यामुळे ते काम कार्यक्रमाच्या सकाळी करायला घेऊ नये. मध्यंतरात चित्रपटगीते लावली तर स्वामित्वहक्काच्या तपासणीत प्रक्षेपण थांबवले जाऊ शकते. त्या वेळी ऑक्सचा आवाज बंद करून पडद्यावर सूचना दाखवावी.

पडद्यावरील अक्षरे

वक्त्याच्या नावाची पट्टी करताना देवनागरीची विशेष काळजी घ्यावी लागते. २४० किंवा ३६० ओळींच्या चित्रात बारीक वळणाच्या टंकातील अनुस्वार, रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या पुसट होतात आणि नाव चुकीचे वाचले जाते. मुक्ता (Mukta) किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखा टंक ठळक वजनात घ्यावा, अक्षराची उंची चित्राच्या उंचीच्या किमान विसाव्या भागाइतकी ठेवावी आणि मागे गडद एकरंगी पट्टी द्यावी. काही टीव्ही चित्राच्या कडा कापतात, म्हणून चारी बाजूंना पाच टक्के जागा मोकळी सोडावी. जोडाक्षरे तुटून दिसत असतील तर नावाची पट्टी आधीच पारदर्शक पीएनजी चित्र म्हणून तयार करून लावणे सुरक्षित असते. आपल्या भागात कन्नड वाचणारे शेजारी आणि पाहुणेही प्रेक्षकांत असतात. एकाच पट्टीत दोन्ही लिप्या दाटीवाटीने बसवण्यापेक्षा दोन पट्ट्या आळीपाळीने दाखवाव्यात. भाषणाचा मजकूर नंतर उपशीर्षकांच्या रूपाने द्यायचा असेल तर मराठी आणि कन्नड अशा दोन वेगळ्या एसआरटी (उपशीर्षकांच्या मजकुराच्या) फाईली यूटीएफ-८ या अक्षरपद्धतीत जतन करून यूट्यूबवर चढवाव्यात.

कार्यक्रमानंतरच्या प्रती

टीव्हीवर पेनड्राइव्हने पाहणाऱ्यांसाठी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरने प्रत करावी. एच.२६४, ८ बिट, फ्रेमदर कॉन्स्टंट (स्थिर), दर्जाचा आकडा २१ किंवा २२, आवाज एएसी आणि स्वरूप एमपी४, एवढे ठेवले की बहुतेक टीव्ही ती उघडतात. फोनवर घेतलेल्या चित्रीकरणात फ्रेमदर सतत बदलत असतो आणि तो तसाच ठेवला तर तासाभराने ओठ आणि शब्द जुळेनासे होतात, म्हणून कॉन्स्टंट हा पर्याय महत्त्वाचा. नव्या फोनमधील एचडीआर चित्रीकरण जुन्या टीव्हीवर फिके दिसते, त्यामुळे ते घेतानाच बंद ठेवावे. जुने टीव्ही सहसा फॅट३२ पद्धतीचाच पेनड्राइव्ह वाचतात आणि तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. ४ मेगाबिटवर तीन तासांची फाईल साडेपाच जीबीच्या आसपास जाते. ती मध्यंतरापाशी दोन भागांत तोडावी.

व्हॉट्सॲपवर संपूर्ण कार्यक्रम पाठवण्याचा प्रयत्न करू नये, कारण व्हिडिओ म्हणून पाठवलेली फाईल तेथे पुन्हा दाबली जाते आणि तिचा दर्जा घटतो. दोन-तीन मिनिटांचा निवडक भाग ३६० किंवा ४८० ओळींत आपणच लहान करून पाठवावा आणि त्याखाली पूर्ण कार्यक्रमाची लिंक द्यावी. हँडब्रेकमधील वेब ऑप्टिमाइज्ड ही खूण केली तर फाईलची अनुक्रमणिका सुरुवातीला येते आणि संस्थेच्या संकेतस्थळावर ती पूर्ण उतरण्याची वाट न पाहता सुरू होते.

कीर्तन आणि व्याख्यान यांची केवळ आवाजाची प्रतही अवश्य काढावी. ६४ किलोबिटची मोनो फाईल तासाला सुमारे २९ एमबी होते, म्हणजे तीन तासांचे कीर्तन ९० एमबीच्या आत बसते आणि अगदी कमजोर नेटवर्कवरही उतरते. ती व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, म्हणजे तिच्यात बदल होत नाही.

चाचणी

कार्यक्रमाच्या किमान दोन दिवस आधी अनलिस्टेड, म्हणजे लिंक असलेल्यालाच दिसणाऱ्या, लिंकवर अर्धा तास चाचणी प्रक्षेपण करावे आणि ते गावातील सर्वांत जुन्या फोनवर, एका स्मार्ट टीव्हीवर, लॅपटॉपवर आणि हेडफोन लावून असे चारही प्रकारे पाहावे. फोनवर दर्जा मुद्दाम २४० ओळींवर आणून नावाची पट्टी वाचता येते का ते पाहावे आणि डोळे मिटून पाच मिनिटे केवळ ऐकावे. दुसऱ्या गावातील किंवा गोव्यातील एखाद्या नातेवाइकालाही लिंक द्यावी, कारण आपल्याच वायफायवर पाहिलेले प्रक्षेपण नेहमीच चांगले दिसते. प्रत्यक्ष कार्यक्रमात ओबीएसची स्टॅट्स खिडकी उघडी ठेवावी. नेटवर्कमुळे गळालेल्या फ्रेमचा आकडा वाढत असेल तर बिटरेट कमी करावा, आणि एन्कोडिंगमुळे सुटलेल्या फ्रेमचा आकडा वाढत असेल तर प्रोसेसरवर ताण आहे असे समजून इतर सॉफ्टवेअर बंद करावीत किंवा ओळी घटवाव्यात. हे दोन आकडे वेगळे ओळखले नाहीत तर नेटवर्कला दोष देत भलतीच दुरुस्ती होत राहते.

शेवटी मूळ एमकेव्ही रेकॉर्डिंगच्या दोन प्रती दोन वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवाव्यात, एक संस्थेच्या कपाटात आणि एक कमिटीतील एखाद्याच्या घरी. यूट्यूब बारा तासांपेक्षा लांब चाललेल्या प्रक्षेपणाची प्रत आपोआप जपत नाही, त्यामुळे अखंड सप्ताहासारख्या कार्यक्रमात प्रत्येक दिवसासाठी वेगळे प्रक्षेपण करावे आणि ते बारा तासांच्या आत बंद करून पुढचे सुरू करावे. फाईलच्या नावात वर्ष, महिना, दिवस, गाव आणि वक्त्याचे किंवा बुवांचे नाव याच क्रमाने लिहावे, म्हणजे पुढच्या कमिटीला एखादे कीर्तन शोधताना प्रत्येक फाईल उघडून पाहावी लागणार नाही.